नाक टोचलेली होडी

मंगळवार पेठ

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात खाडीवरून बाबल तांडेलाचा फोन आला. हा माणूस फोनवरसुद्धा पैलतीरावरच्या माणसाशी बोलावं तसा ओरडून बोलतो.

"बाईनु, होडी दोन पावसाळे जमनीर आसा. नाकाक भोक पाडून ठेवलेला. तो पंखो घेवन येतास तर येवा, नायतर मी भोक बुजवतंय. मिरगाच्या आधी काय ता सांगा."

मी "येते" म्हणाले आणि फोन ठेवला.

ज्यांनी समुद्र सहलीपुरताच पाहिला आहे त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. माझे यजमान कोल्हापुरात उद्यमनगरमध्ये पंप दुरुस्त करत. उसाला पाणी देणाऱ्या पंपांतले पंखे ओतून आणायचे, लेथवर कातायचे, बसवायचे. कारखान्यातले लोक त्यांना अप्पा म्हणत. एकदा कुणाचं तरी इंजिन बघायला म्हणून ते देवगडच्या बाजूला एका खाडीवर गेले आणि येताना बाबलच्या भागीत एक होडी घेऊन आले. म्हणजे होडी तिथेच राहिली, घरी फक्त बातमी आली. अठरा फुटांची, फायबरची, पोटात एका सिलिंडरचं डिझेल इंजिन. वर्षभर बाबलने ती वापरायची, दिवाळीत आणि मे महिन्यात आठ-आठ दिवस आम्ही. अकरा वर्षं हा नेम चालला.

अशा होडीला मागे सुकाणू असतं, पण सुकाणूला जोर येतो तो वेगातून. धक्क्याला लागताना वेग कमी करावाच लागतो, आणि नेमकं तेव्हाच सुकाणू ऐकेनासं होतं. बाजूचा वारा असला की तो नाक भलतीकडे घेऊन जातो. म्हणून पुढे एक माणूस उभा करतात. त्याच्या हातात लोखंडी आकडी लावलेला बांबू असतो. त्याने धक्क्यावरची कडी धरायची आणि नाक ओढून घ्यायचं, किंवा दगडाला टेकवून दूर ढकलायचं. आमच्या होडीत ते काम माझं होतं. आठवडाभर ग्रंथालयाची धूळ खाणाऱ्या बाईला हे काम फार आवडायचं. कडी धरली की मी मागे वळून बघायचे, आणि हे सुकाणूवरचा हात जरासा वर उचलायचे. बोलणं त्याहून जास्त नसायचं.

अकराव्या वर्षीच्या मे महिन्यात वाऱ्याने दगा दिला. माझी आकडी हुकली आणि होडीचं नाक धक्क्याच्या पायरीवर आदळलं. वर पंचवीस-तीस माणसं पलीकडे जायला उभी होती. हे मागून ओरडले, "पुस्तकं वाचून होडी वळत नसते!"

आम्ही लिंगायत. घरात कानडी बोलतो. आम्ही भांडलो तरी कानडीतच भांडायचो, शेजारच्यांना कळू नये म्हणून. त्या दिवशी ते मराठीत ओरडले.

दिवाळीत मी गेले नाही. ग्रंथालयात पुस्तकांची मोजणी आहे, असं सांगितलं. पुढच्या मे महिन्यातही मोजणीच होती. एखादी गोष्ट दोनदा सांगितली की तिसऱ्यांदा कुणी विचारत नाही. हे एकटेच जाऊ लागले.

मग त्यांनी तो पंखा करायला घेतला. होडीच्या नाकात, पाण्याच्या रेषेखाली, या कुशीतून त्या कुशीत आरपार एक नळी बसवायची. नळीत पंखा. बटण दाबलं की पंखा पाणी एका बाजूला फेकतो आणि नाक दुसऱ्या बाजूला सरकतं. मोठ्या बोटींना असतो म्हणे. ह्यांनी जुन्या जीपची स्टार्टरची मोटर घेतली आणि पितळी पंखा स्वतः कातला. एका दिवाळीत जाऊन होडीला नळीही बसवून आले आणि दोन्ही तोंडं लाकडी बुचांनी बंद केली.

परत आल्यावर एकदा जेवताना ते म्हणाले, "आता आकडी लागायची नाही."

मी "बरं" म्हणाले आणि भाकरी आणायला आत गेले. भाकरी त्यांच्या ताटात होती.

माघात ते गेले, कारखान्यात, लेथपाशी. पंखा तयार होऊन फळीवर ठेवलेला होता. त्याला आता दोन वर्षं होऊन गेली. एवढ्या काळात ते एकच वाक्य माझ्याजवळ राहिलं. आकडी लागायची नाही, म्हणजे आकडी धरणारी लागायची नाही, असा मी त्याचा अर्थ लावला होता आणि विचारून घ्यायला आता कुणी नव्हतं. खरं सांगायचं तर मी निघाले ती पंखा बसवायला नव्हे. तो निकामी ठरलेला मला बघायचा होता. एवढ्याशा होडीला असल्या यंत्राची गरज नसते, असं त्या खाडीवरच्या एखाद्या जाणत्या माणसाने म्हणावं, एवढीच माझी इच्छा होती.

गगनबावडा

बरोबर दत्तू मिस्त्री होता. ह्यांच्या हाताखाली बावीस वर्षं काम केलेला, आता कारखाना तोच बघतो. पंखा, मोटर आणि वायरी एका लाकडी पेटीत घालून त्याने पेटी पांढऱ्या मांजरपाटात शिवून आणली होती. एसटीत ती आमच्या दोघांच्या पायांमध्ये ठेवली.

कंडक्टर म्हणाला, "पावणं, ह्यात काय हाय? सामानाचं तिकीट लागंल."

"पंखा हाय," दत्तू म्हणाला.

"एवढा जड? गिरणीचा काय?"

"होडीचा."

"होडीला पंखा?" कंडक्टरने आख्ख्या गाडीला ऐकू जाईल असं विचारलं. "का, उकडतंय व्हय तिला?"

पुढे अर्ध्या वाटेपर्यंत गाडीत हाच विषय. कुणी म्हणालं पंख्याबरोबर गादीपण न्या, कुणी म्हणालं कोकणातल्या होड्यांचे लाडच फार. दत्तू सगळ्यांना पुरून उरला. मी खिडकीतून उसाचं उजाड झालेलं रान बघत होते.

गगनबावड्याला गाडी थांबली. वाऱ्याला अजून गारवा होता. इथे आम्ही नेहमी एक चहा घ्यायचो. एकच, कारण ह्यांना चहा बशीत ओतून लागायचा. बशी त्यांची आणि कपातला उरलेला माझा. दत्तू दोन भरलेले कप घेऊन आला. आख्खा कप मला संपेना. मी अर्धा पिऊन उरलेला हातात धरून बसले, आणि गाडी सुटताना बांधावर ओतून दिला. बरोबर कडक भाकरी आणि शेंगांची चटणी होती ती दत्तूला दिली.

"वैनी, तुमी?"

"मला भूक नाही."

"मालक म्हनायचं, घाट उतरायच्या आधी पोटात कायतरी वजन पायजे."

मी एक तुकडा घेतला. तो मोडल्याचा आवाज पुढच्या बाकापर्यंत गेला असावा.

खाडी, पहिला दिवस

बाबलच्या अंगणात शिरलो तेव्हा ऊन कलत होतं. अंगण नुकतंच सारवलेलं होतं. बाबलने आम्हाला बघितलं, पेटीकडे बघितलं आणि डोक्यावरची टोपी काढली. त्याची बायको शेवंती पुढे आली, तिने डोक्यावरून पदर घेतला. शेजारच्या दोन-तीन बायका कुंपणाशी येऊन गप्प उभ्या राहिल्या. कोकणातली माणसं एवढी गप्प मी कधी पाहिली नव्हती.

दत्तूने पेटी पडवीत ठेवली. शेवंतीने तिच्यापाशी निरांजन आणून ठेवलं आणि वर एक जास्वंदीचं फूल वाहिलं.

"सकाळी भरतीक सोडूया," बाबल हळू आवाजात म्हणाला. "भटाक आताच सांगतंय."

मला कळायला थोडा वेळ लागला. फोनवर बोलणं पंख्याचं झालं होतं, पण पांढऱ्या कापडात शिवलेली पेटी घेऊन एक विधवा बाई समुद्राला आली होती. दुसरं काय समजणार?

"बाबल, यात अस्थी नाहीत," मी म्हणाले. "आमच्यात दहन नसतं. आमच्यात मातीत ठेवतात, बसवून. अस्थी गोळा करणं नसतं."

"म्हणजे पाण्यात सोडूक कायच नाय?" शेवंतीने विचारलं.

"काही नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या तोंडावर दया नव्हती, खरीच काळजी होती. "मगे माणूस जाता कसो?"

मी दत्तूला पेटी उघडायला खुणावलं.  दत्तूने चाकूने शिवण उसवली, झाकण काढलं, आणि उतरत्या उन्हात तो पितळी पंखा असा लखलखला की कुंपणाशी उभ्या असलेल्या बायका एकदम बोलायला लागल्या. शेवंतीने निरांजन नेलं. फूल मात्र तिने काढलं नाही, पेटीच्या कडेला सरकवून ठेवलं.

रात्री माझ्यासाठी नव्या भांड्यात शिजवलेली कुळथाची पिठी आणि भात होता. मासळीचा हात त्या भांड्याला लागलेला नाही, असं शेवंतीने दोनदा सांगितलं. आमच्याकडे पाहुण्याला आग्रह करून करून वाढतात, तो नको म्हणतो आणि आपण ऐकत नाही. इथे एकदा विचारतात आणि तुमच्या शब्दावर विश्वास ठेवतात. भुकेल्या कोल्हापूरकराची त्यात पंचाईत होते. दत्तूने पहिल्याच वेळी सवयीने "नको" म्हटलं, आणि बांगड्याचं कालवण त्याच्या डोळ्यांदेखत आत गेलं.

"वैनी," तो माझ्याकडे वळून कुजबुजला, "आवं, न्हाय म्हंजी न्हाय समजत्यात ही लोकं!"

झोपायला पडवीत शेवंतीने दोन चटया अंथरल्या होत्या, शेजारी शेजारी, दरवर्षीसारख्या. मग तिच्या लक्षात आलं आणि ती एक गुंडाळायला लागली.

"राहू दे," मी म्हणाले.

दुसरा दिवस

होडी माडाखाली झावळ्यांनी झाकून ठेवली होती. झावळ्या काढल्या. नाकाच्या दोन्ही अंगांना मुठीएवढी लाकडी बुचं दिसली. दोन वर्षांत ती सुकून आक्रसली होती. वाडीतले लोक जमले. इथे कुणाच्या कामात लक्ष घालायला आमंत्रण लागत नाही. तेवढं मात्र आमच्या पेठेसारखंच.

"नाक टोचून ठेवला, आणि नथ घालूक इसरले," एक म्हातारी म्हणाली. सगळे हसले. दोन वर्षं हा विनोद वाडीत चालू असणार, कारण हसण्यात नवलाई नव्हती.

बाबलला पंखा मुळातच मान्य नव्हता. त्याने दत्तूला ऐकवायला सुरुवात केली. "ल्हान होडयेक ह्या कित्याक होया? बॅटरीचा वजन नाकात. खाऱ्या पाण्यान वायरी कुजतल्यो. आणि ह्या पायपात कालवांचे शिंपले धरतले बघ."

"म्हंजी घरबसल्या कालवं मिळतील की तुला," दत्तू नळीवरून नजर न काढता म्हणाला. "तक्रार कसली करतोस?"

"माझो भाव पुढे उभो रवायचो. आकडी धरली की झाला. पंख्याचा काम काय?"

"मग बोलव की भावाला."

बाबल झावळ्या गोळा करू लागला. त्याच्या भावाचे गुडघे गेले होते. गेली दोन वर्षं बाबल आपल्या जुन्या लहान वल्ह्याच्या होडीने एकटाच माणसं पलीकडे नेत होता आणि वारा असेल त्या दिवशी नेत नव्हता.

मी माडाला टेकून बसले होते, हातात एक पुस्तक उघडं. मनातून मी बाबलच्या बाजूची होते. त्याचा एकेक मुद्दा मला गोड लागत होता. बुजवून टाक ते भोक, मी मनात म्हणत होते.

दत्तूचं काम मात्र चालू होतं. त्याने बुचं काढली, पंखा नळीत बसवला, वर मोटर घट्ट केली, पुढच्या फळीखाली बॅटरी ठेवली. दुपार होत आली तेव्हा बटणाची डबी राहिली होती. ही डबी ह्यांनी सागाची केली होती, आत पाणी जाऊ नये म्हणून कडेने सायकलच्या ट्यूबचं रबर. वर दोन बटणं, डावं आणि उजवं. डबीची वायर सुतळीने बांधून ठेवलेली होती. दत्तूने गाठ सोडली, डबी हातात घेतली आणि सुकाणूकडे चालू लागला. चार फुटांवर वायर ताणली गेली आणि तो थांबला.

"आयला."

त्याने मागे बघितलं, पुढे बघितलं. सुकाणू अजून दहा फूट लांब होतं.

"वायर कमी पडली," बाबल समाधानाने म्हणाला. "मी सांगत होतंय."

"गप रं." दत्तू फळीवर बसला. "मालक मापात चुकल्याला मी बावीस वर्षांत बघितला न्हाय. दोनदा मोजायचं, मग तोडायचं. वायर कमी पडतीयच कशी?"

 मग तो ज्या फळीवर बसला होता तिच्याकडे त्याने खाली बघितलं. उठला, गुडघे टेकून फळीच्या उजव्या कडेवरून बोट फिरवलं. तिथे दोन भोकं पाडलेली होती. त्याने डबी त्यांच्यावर धरली. डबीची भोकं आणि फळीची भोकं तंतोतंत जुळली.

"वैनी," तो म्हणाला, "जरा हिकडं या."

मी पुस्तक ठेवून गेले.

"हे बटण हितं बसवायचं हाय. सुकाणवाला न्हाय. हितं तर तुमी असायच्या."

"इथे मी उभी असायचे," मी म्हणाले. "इथे फळी नव्हती."

खरंच नव्हती. सकाळपासून मी ती बघत होते आणि मला ती नवी वाटली नव्हती. होडीच्या नाकात, मी जिथे बांबू धरून उभी राहत असे तिथे, पाठीला टेकण असलेला एक बाक होता. एका माणसाचा.

बाबलने डोकं खाजवलं. "त्या दिवाळेक अप्पांनी घातल्यानी ह्यो बाक. माका दोनदा सांगल्यानी, हयसर जाळी ठेवूक नको. मी इचारलंय, कोण बसतला? तर हसान रवले."

दत्तूने दोन स्क्रू पिळले. डबी बसली.  मी बाकावर बसून पाहिलं. उजवा हात मांडीवरून नुसता बाजूला घेतला की बोटं बटणांवर येत होती. पाठीला टेकण होतं. डाव्या हातात पुस्तक धरता आलं असतं.

मग मी उतरून पाण्याच्या कडेने लांबपर्यंत चालत गेले. ओहोटी होती. खेकड्यांनी वाळूवर बारीक गोळ्यांची रांगोळी काढून ठेवली होती. "आता आकडी लागायची नाही" असं म्हणताना ह्यांचा हात ताटावर थांबला होता, ते मला आठवलं. घास हातात होता आणि ते माझ्याकडे बघत होते. मी काहीतरी विचारीन याची वाट बघत असणार. मी भाकरी आणायला गेले होते.

त्याच दिवशी, दुपारनंतर

भरतीबरोबर होडी पाण्यात लोटली. चार वाजता समुद्राकडून वारा सुटला, तो रोजचाच, नाक पळवणारा. बाबल सुकाणूवर, मी पुढे बाकावर, दत्तू धक्क्यावर उभा राहून हुकूम सोडायला.

पहिल्या खेपेला फजिती झाली. वाऱ्याने नाक डावीकडे नेलं म्हणून मी उजवं बटण दाबलं, तर नाक आणखीच डावीकडे धावलं. मी बटण आणखी जोरात दाबलं. बाबलने माझ्या नव्हे पण कोल्हापूरच्या नावाने उद्धार केला. धक्क्यावरून दत्तू हात हलवत ओरडत होता, "उलटं, वैनी! उलटं लागलंय! माझी चूक हाय, माझी!"

"माका वाटलाच!" बाबल ओरडला. "घाटावरची माणसां, तुमचा पाणीपन उलटा व्हावता!"

दत्तू होडीत चढला, दोन वायरींची टोकं एकमेकांच्या जागी लावली आणि मान खाली घालून परत धक्क्यावर गेला.

दुसऱ्या खेपेला मी उजवं बटण दाबलं तेव्हा पायाखाली एक जाडसर घरघर सुरू झाली, डाव्या कुशीला पाणी उकळल्यासारखं झालं, आणि होडीचं नाक, गोठ्यात म्हैस वळते तसं, सावकाश, नाखुशीने, पण वळलं. बोट उचललं की थांबायचं. पुन्हा टेकवलं की पुन्हा वळायचं. आम्ही पायऱ्यांना लागलो तेव्हा दगडाला धक्कासुद्धा बसला नाही. दत्तूने वाकून कडीत दोर ओवला.

सवयीने मी मागे वळून बघितलं.

बाबल सुकाणू धरून धक्क्याकडे बघत होता. त्याला दुसरं काही बघायचं कारण नव्हतं.

उतरल्यावर मी त्याला विचारलं, "तुमचं खरं मत सांगा. एवढ्या होडीला हा पंखा लागतो का?"

त्याने विडी पेटवली. अशा प्रश्नावर तो घाई करत नाही. "चलता बरो," तो म्हणाला. "पण दोघां असली तर कित्याक? तुमच्या हातात आकडी दिली असती तरी तुम्ही धक्को धरलो असतास. अकरा वर्सां धरलास. एकदा चुकलास."

"म्हणजे नको."

"दोघांक नको. एकट्याक होयो."

मी जे ऐकायला आले होते ते त्याने सांगितलं होतं. चोवीस तासांपूर्वी सांगितलं असतं तर मी समाधानाने परतले असते.

तिसरा दिवस

सकाळी दत्तू हत्यारं बांधायला लागला तेव्हा मी त्याला थांबवलं.

"दत्तू, ती वायर वाढव. डबी सुकाणूपाशी ने."

तो पाना हातात धरून उभा राहिला. "मालकानं पुढं ठेवलीय की."

"मालकांनी माझ्यासाठी पुढे ठेवली होती. मी दुपारच्या गाडीने चालले. बाबलने एका हातात सुकाणू धरून पुढे बटण दाबायला कसं जायचं?"

"पर वैनी, ते माप..."

"माप बरोबरच होतं," मी म्हणाले. "माणसं कमी झाली."

बाजारातल्या दुकानात तसली काळी वायर नव्हती, पिवळी मिळाली. दत्तूने पक्कड वायरीवर धरली आणि माझ्याकडे बघितलं. "तोडू?"

"तोड."

एक लहानसा आवाज झाला. मधे दहा फूट पिवळी वायर आली, दोन्ही सांध्यांना त्याने चिकटपट्टी गुंडाळली, वर मेण चढवलं. बाकावरची डबी निघाली. तिथली दोन भोकं बुजवू का, असं त्याने विचारलं. मी नको म्हणाले. बाक काढू का, असं बाबलने विचारलं नाही. त्यावर जाळी ठेवायला मात्र मी त्याला सांगितलं. रिकामा बाक घेऊन कुणी किती दिवस होडी चालवावी?

निघायच्या आधी शेवंती मला धक्क्यावर घेऊन गेली. तिच्या ओंजळीत पेटीवरचं ते जास्वंदीचं फूल होतं. दोन दिवसांत त्याची पार चिंधी झाली होती. "कायतरी सोडूक होया, बाये," ती म्हणाली. आमच्यात असं करत नाहीत, हे मला माहीत होतं आणि आता तिलाही माहीत होतं. मी फूल घेतलं आणि शेवटच्या पायरीवरून पाण्यावर ठेवलं. ते होड्यांच्या मधून वाट काढत गेलं. आम्ही दोघी ते दिसेनासं होईपर्यंत उभ्या राहिलो. नंतर तिने पदराने डोळे पुसले आणि विचारलं, "वाटेत खावक काय देव?" मी सवयीने नको म्हणाले. तिने विश्वास ठेवला.

तेवढ्यात बाबल होडी घेऊन निघाला. एकटा. वारा आज जरा लवकर सुटला होता. पलीकडच्या काठापर्यंत जाऊन तो वळला आणि धक्क्याकडे येऊ लागला. दत्तू वर गाडीच्या वाटेला लागला होता, पेटी खांद्यावर. रिकामी असूनही तो ती सोडायला तयार नव्हता. पायरीवर मी एकटी होते.

होडी जवळ आली. इंजिनचा आवाज मंदावला. वाऱ्याने नाक धरलं आणि पलीकडे न्यायला सुरुवात केली. मला कळायच्या आत मी एक पायरी खाली उतरले होते आणि माझा हात पुढे झाला होता. मुठीत बांबू असावा तशी बोटं वळलेली.

घरघर ऐकू आली. कुशीला पाणी उकळलं. नाक थबकलं, विचार केल्यासारखं करून वळलं, आणि सरळ माझ्या हाताच्या दिशेने येऊन, वीतभर अंतरावर, कुणी न धरता थांबलं.